गोचिडांवर फवारणीपलीकडचा उपाय हवा

महोदय,
पावसाळा आला की मुरबाड-शहापूरच्या गोठ्यांत गोचिडांचा सुळसुळाट होतो. संकरित गायींना थायलेरियाचा (गोचिडांमार्फत पसरणाऱ्या रक्तातील परजीवीचा) ताप चढतो, दूध आटते. उपचाराला उशीर झाला तर गाय दगावते. उपाय म्हणून डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन ही गोचीडनाशके फवारतात, पण त्यांना न जुमानणारे गोचीड देशात अनेक ठिकाणी आढळले आहेत. ही औषधे गोचिडाच्या मज्जातंतूंतील ‘सोडियम चॅनेल’ या प्रथिनावर घाव घालतात; त्याच्या जनुकात एक छोटासा बदल झाला की या औषधांचा जोर ओसरतो. हा बदल प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीने ओळखता येतो. मग मात्रा वाढवत बसण्यापेक्षा (दुधात औषधाचे अंश उतरण्याची भीती वेगळीच) कोणते औषध निकामी झाले आहे, हे आधी तपासून का घेऊ नये? फवारणीपलीकडचा मार्गही आहे: गोचिडाच्याच आतड्यातील ‘बीएम ८६’ या प्रथिनावर आधारलेली, गुरांना टोचायची गोचीडविरोधी लस ऑस्ट्रेलिया आणि क्युबात १९९०च्या दशकातच वापरात आली. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने दवाखान्यांमार्फत गोचिडांचे नमुने गोळा करून अशा तज्ज्ञ संस्थेकडून तपासून घ्यावेत आणि निकाल गावोगावच्या पशुपालकांना कळवावेत. येत्या पावसाळ्याआधी एवढे तरी व्हावे, ही कळकळीची विनंती.

– एक पशुपालक, मुरबाड (जि. ठाणे)