बिमलदांच्या पुरस्कारांची यादी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप काल रात्री वाचला. तुमच्या लघुपटाला संकलनाचं पारितोषिक मिळालं, नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला अभिनयाचं मिळालं आणि दिग्दर्शनाचं दुसऱ्याच कुणाकडे गेलं. ‘आई, पैसे मी जमवले, लिहिलं मी, सगळं उभं मी केलं, आणि माझं नाव कुठेच नाही,’ असं तू लिहिलंयस. बाबा म्हणाले, ‘पुरस्कारांचं काय एवढं, कळव तिला.’ मी तसं कळवणार नाही. पुरस्काराला किंमत असते. आपलं काम कुणीतरी नीट पाहिलं हे चारचौघांत ऐकावंसं वाटणं यात काहीच गैर नाही. पण तुझ्या बोलण्यातलं एक मला पटलं नाही, आणि ते समजावून सांगायला मी जुन्या हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक-निर्माते बिमल रॉय, म्हणजे बिमलदा, यांचं नाव घेणार आहे. त्यांच्या पुरस्कारांची यादी मी कितीतरी वेळा वाचली आहे.

आधी त्यांच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं ते सांगते. उत्कृष्ट दिग्दर्शकाचं फिल्मफेअर त्यांना सात वेळा मिळालं: ‘दो बीघा जमीन’, ‘परिणीता’, ‘बिराज बहू’, मग ‘मधुमती’, ‘सुजाता’, ‘परख’, आणि शेवटी ‘बंदिनी’. म्हणजे सलग तीन वर्षं, आणि मध्ये दोन वर्षं सोडून पुन्हा सलग तीन वर्षं. हा आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. यातले ‘परिणीता’ आणि ‘बिराज बहू’ दुसऱ्यांच्या निर्मितीतले, बाकी पाच त्यांच्या स्वतःच्या बिमल रॉय प्रॉडक्शन्सचे. तू आज जशी दोन्ही ओझी वाहतेस, दिग्दर्शनाचं आणि पैशाचं, तशी त्यांनीही वाहिली. त्यांच्या कंपनीचं बस्तान तू राहतेस त्या अंधेरीतच होतं, मोहन स्टुडिओत.

२१ मार्च १९५४ ला धोबी तलावाजवळच्या मेट्रो सिनेमात फिल्मफेअरचा पहिला सोहळा झाला. टाइम्सच्या चित्रपट समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या नावावरून या पुरस्कारांना तेव्हा ‘द क्लेअर्स’ म्हणायचे. पुरस्कार म्हणून देतात ती प्रसिद्ध बाहुली घडवली एन. जी. पानसरे या आपल्या मराठी शिल्पकाराने. त्या वर्षी पाचच पुरस्कार होते: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, संगीतकार. पहिले दोन ‘दो बीघा जमीन’ला मिळाले. अभिनेत्याचा दिलीपकुमारला, ‘दाग’साठी. दोन बिघे जमीन सोडवण्यासाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढणारा शंभू ज्याने उभा केला, त्या बलराज साहनींना काही मिळालं नाही. कॅमेरामन कमल बोस, संकलक हृषीकेश मुखर्जी, कथा लिहिणारे आणि संगीत देणारे सलील चौधरी यांच्याही हाती काही आलं नाही. कथा, कॅमेरा, संकलन यांच्यासाठी तर तेव्हा पुरस्कारच नव्हते.

त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. त्याच यादीत खाली ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला ती दोन नावं एका कागदावर पाहून फार बरं वाटतं. एका चित्रपटात आई गरिबीत मुलाला घडवते, दुसऱ्यात बाप कर्जापायी मुलाला घेऊन शहरात जातो. शेवटी त्याच्या जमिनीवर गिरणी उभी राहत असते आणि त्याने उचललेली मूठभर मातीसुद्धा पहारेकरी खाली टाकायला लावतो. या चित्रपटाला १९५४ मध्ये कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. नृत्य-गाण्यांच्या आणि राजा-राणीच्या चित्रपटांवर धंदा चालत असताना, हरलेल्या शेतकऱ्यावर स्वतःच्या कंपनीचा पैसा लावणारा माणूस किती धीराचा असेल, याचा विचार कर.

आता मला खरं सांगायचंय ते ‘मधुमती’बद्दल. १९५९ च्या सोहळ्यात या एका चित्रपटाला नऊ फिल्मफेअर मिळाली. हा विक्रम १९९६ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने दहा घेऊन मोडला. लोक ‘नऊ’ म्हणतात आणि पुढे जातात. मी थांबून नावं वाचते. चित्रपटाचा आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार बिमलदांचा. सलील चौधरींना संगीताचा. हृषीकेश मुखर्जींना संकलनाचा. दिलीप गुप्तांना छायाचित्रणाचा. सुधेंदू रॉय यांना कलादिग्दर्शनाचा. राजिंदरसिंग बेदींना संवादांचा. जॉनी वॉकरला सहायक अभिनेत्याचा. आणि ‘आजा रे परदेसी’साठी लता मंगेशकरांना गायनाचा.

हा शेवटचा जरा सविस्तर सांगते. तोवर फिल्मफेअर गायकांना पुरस्कारच देत नसे. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशनना पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातलं ‘रसिक बलमा’ सोहळ्यात गाण्याची विनंती लताबाईंना झाली. त्यांनी साफ नकार दिला: गाणाऱ्याला पुरस्कार नाही, तर तिथे गायचं कशाला? पार्श्वगायनाचा पुरस्कार त्यानंतर सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला तो बिमलदांच्या चित्रपटातल्या गाण्यासाठी. गीतकाराचा पुरस्कारही त्याच वर्षी सुरू झाला. तो शैलेंद्रला मिळाला, ‘यहुदी’मधल्या ‘ये मेरा दीवानापन है’साठी. ‘यहुदी’चे दिग्दर्शकही बिमल रॉयच. गाणाऱ्याला आणि गाणं लिहिणाऱ्याला मिळालेला पहिला मान असा एकाच माणसाच्या दोन चित्रपटांतून आला. मी हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडेच पाहत बसले होते.

उरलेली यादीही तशीच आहे. ‘परिणीता’साठी मीनाकुमारी, ‘बिराज बहू’साठी कामिनी कौशल, ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’साठी नूतन: उत्कृष्ट अभिनेत्रीचे चार पुरस्कार त्यांच्या चित्रपटांतून गेले. ‘सुजाता’मध्ये दलित घरात जन्मलेली, सवर्ण घरात ‘मुलीसारखी’ म्हणून वाढलेली पोर नूतनने ज्या संयमाने उभी केली आहे, ते तुझ्या नायिकेला मुद्दाम दाखव. ‘देवदास’साठी दिलीपकुमारला अभिनेत्याचा आणि मोतीलालना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. वैजयंतीमालांना चंद्रमुखीसाठी सहायक अभिनेत्रीचा जाहीर झाला, आणि माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, सहायक नाही, म्हणून त्यांनी तो नाकारला. मला हा नकारसुद्धा बिमलदांच्या यादीत धरावासा वाटतो. चंद्रमुखी इतकी मोठी झाली नसती, तर हा प्रश्न उठलाच नसता. आणि कमल बोस? ‘दो बीघा’नंतर दहा वर्षांनी, ‘बंदिनी’साठी त्यांना पहिलं फिल्मफेअर मिळालं. पुढे एकूण पाच मिळाली. तेवढी वर्षं एका कॅमेरामनला धरून ठेवणं, त्याच्यावर विसंबणं, हे निर्मात्याचंच काम. बिमलदा स्वतः कॅमेऱ्यामागून आलेले, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेत नितीन बोस यांच्या हाताखाली शिकलेले, पुढे दिग्दर्शक प्रमथेश बरुआंच्या जुन्या ‘देवदास’चे छायाचित्रकार. स्वतः ‘देवदास’ केला तेव्हा त्यांनी तो बरुआ आणि गायक-नट सैगल यांना अर्पण केला.

सातांतला माझा सर्वांत आवडता पुरस्कार ‘परख’चा. १९६१ च्या सोहळ्यात उत्कृष्ट चित्रपटाचा मान ‘मुघल-ए-आझम’ला मिळाला, समोर एवढा डोंगर असताना दिग्दर्शनाचा मात्र ‘परख’साठी बिमलदांना. गोष्ट अगदी साधी: एका खेड्याच्या पोस्टमास्तरकडे पाच लाखांचा चेक येतो, गावाच्या भल्यासाठी झटणाऱ्या लायक माणसाला द्यायचा म्हणून. मग लायक कोण हे ठरवायला निवडणूक होते, आणि जमीनदार, पुजारी, सावकार सगळे एका रात्रीत समाजसेवक होतात. कथा पुन्हा सलील चौधरींचीच. लोकांनी हा चित्रपट ‘मधुमती’इतका डोक्यावर घेतला नाही, पण त्यातलं दिग्दर्शन पाहायला डोळे लागतात, आणि त्या वर्षी निवडणाऱ्यांना ते होते. तुझ्या परीक्षकांनी तुझं दिग्दर्शन पाहिलं नाही असं तुला वाटतंय. असेलही तसं. पण नायिकेचा चेहरा कुठे थांबवायचा आणि कुठे सोडायचा, हे तू आणि तुझा संकलक पहाटेपर्यंत भांडून ठरवत होतात, हे तूच मला सांगितलं होतंस. पारितोषिक त्याच जागेला मिळालंय. ‘माझं नाव कुठेच नाही’ हे मला पटत नाही ते म्हणून.

बिमलदा जानेवारी १९६६ मध्ये गेले, कर्करोगाने, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये. त्या यादीत त्यांचं नाव नाही, पण ती यादी त्यांच्या माणसांनी भरलेली आहे. न्यू थिएटर्सचे मालक बी. एन. सरकार, १९७०. गुरू नितीन बोस, १९७७. लता मंगेशकर, १९८९. दिलीपकुमार, १९९४. संकलक हृषीकेश मुखर्जी, जे पुढे स्वतः मोठे दिग्दर्शक झाले, १९९९. ‘दो बीघा जमीन’मधलं ‘धरती कहे पुकार के’ गाणारे मन्ना डे, २००७. ‘बंदिनी’साठी ‘मोरा गोरा अंग लई ले’ लिहून या धंद्यात आलेले गुलजार, २०१३. त्याआधी ते मोटार गॅरेजमध्ये काम करत होते, आणि बिमलदांनी त्यांना आपल्याकडे सहायक म्हणून ठेवून घेतलं. आणि १९५२ च्या ‘माँ’मध्ये त्यांनी जिला बालकलाकार म्हणून घेतलं ती आशा पारेख, २०२०. बिमलदांच्या नावाने २००७ साली टपाल तिकीट निघालं, तेही मला आवडतं. पण ही नावं मला तिकिटापेक्षा जास्त सांगतात.

तुला वाईट वाटलंय ते वाटू दे. चार दिवस वाटेल. लगेच काही शिकायची घाई नको, आणि परीक्षकांना पत्र वगैरे लिहू नकोस. फक्त तुझ्या संकलकाला आणि नायिकेला तू फोन केलास की नाही हे तुझ्या निरोपात दिसलं नाही. केला नसशील तर आज कर, आणि नुसतं अभिनंदन न म्हणता नेमकं कुठलं दृश्य त्यांच्यामुळे उभं राहिलं ते सांग.

‘परख’ आधी बघ, मग ‘सुजाता’, आणि ‘दो बीघा’ एकटीने बघू नकोस, कुणाला तरी सोबत घे. संकलकाचा पत्ता मला पाठव, त्याला मी वेगळं पत्र लिहिणार आहे. आणि कॅमेऱ्यावर जो मुलगा होता, ज्याला काहीच मिळालं नाही, त्याला पुढच्या कामात घेते आहेस ना, तेही कळव. दिवाळीला येशील तेव्हा सगळ्यांना घेऊन ये, वरच्या खोलीत झोपायची सोय करते.

तुझी,
आई