भगताचे चातुर्य आणि डाकिणीचा आळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला की बातमीत बहुधा ‘भोंदू’ हा एकच शब्द येतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या पाड्यांवरचा भगत मात्र त्या एका शब्दात मावत नाही. आश्रमशाळेतील नोकरीमुळे ही माणसे मी जवळून पाहिली आहेत. झाडपाला ओळखणारा, डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ज्याच्या शब्दाला मान असतो तो, आणि घरातले आजारपण हटेना झाले की सुपात दाणे टाकून ‘बाहेरचे काही आहे का’ ते सांगणारा, हा एकच माणूस असतो. मण्यार चावलेल्याला मंत्र घालत न बसता प्रतिविषाच्या इंजेक्शनसाठी थेट सरकारी रुग्णालयात धाडणारे भगतही आहेत. लोक त्यांना जाणते म्हणतात ते उगाच नव्हे. माझी तक्रार आहे ती दाणे पाहण्याविषयी.

दाणे पाहताना भगत स्वतः सहसा कोणाचे नाव घेत नाही. तो दाणे दोन-दोन करून बाजूला सारतो, मध्येच थांबतो आणि विचारतो, घराच्या उगवतीला कोण राहते, बाई एकटी आहे का, बांधावरून कधी बोलाचाली झाली होती का. विचारायला आलेल्याच्या मनात संशय आधीच असतो. नाव त्याच्याच तोंडून बाहेर पडते, भगत फक्त मान डोलावतो. पुढे त्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली, तर ‘मी कुठे नाव घेतले?’ असे म्हणायला तो मोकळा. ज्ञान आणि कपट यांची इतकी घट्ट वीण मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शहरी वाचकाने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये अशा माणसांना ‘कनिंग’ म्हणत, ज्याचा जुना अर्थ जाणता असाच होता. ती माणसे औषध देत, हरवलेली वस्तू शोधून देत, गायीचे दूध आटले किंवा लोणी निघेना झाले की चेटूक उतरवून देत. कात्रीच्या टोकांवर चाळणी तोलून धरायची, संशयितांची नावे एकेक करून घ्यायची आणि चाळणी फिरली की तोच चोर, अशी त्यांची एक रीत होती. तिथेही नावे विचारणाऱ्याच्याच मनातली असत. मंत्राने चोरीचा माल शोधणे तिथे 1542 च्या कायद्याने गुन्हा ठरवले, तर 1735 च्या कायद्याने अंगी जादू असल्याचा बहाणा करणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास ठेवला. तो कायदा थेट 1951 मध्ये रद्द झाला.

आपला 2013 चा कायदा या बाबतीत अधिक नेमका आहे. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते असे भासवणे त्याच्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नोंदलेले आहे, शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे आहे आणि अपप्रेरणा देणाराही तितकाच दोषी धरला जातो. असे असताना तपास मात्र मारहाण करणाऱ्यांपाशीच थांबतो, असा माझा अनुभव आहे. दाणे कोणी पाहिले, त्या वेळी कोण हजर होते, कोणते प्रश्न विचारले गेले, हे जबाबात येतच नाही, कारण नाव भगताने घेतलेले नसते. कायद्याने नेमलेल्या दक्षता अधिकाऱ्यांनी नेमके हेच प्रश्न नोंदवून घ्यावेत, आणि आश्रमशाळांतील वरच्या वर्गांना दाणे पाहण्याची ही रीत पायरीपायरीने उलगडून दाखवण्याची परवानगी आदिवासी विकास विभागाने शिक्षकांना द्यावी, अशी माझी मागणी आहे.

आपल्या दैनिकालाही एक कळकळीची विनंती आहे. जिच्यावर आळ आला त्या बाईचे नाव, पाडा आणि छायाचित्र कृपया छापू नये. तिला त्याच पाड्यावर, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहायचे असते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक