कागदी कप, खोकी आणि रद्दीबाबत सूचना

सर्व सभासदांस,

कागदी आहे म्हणजे कुजेलच, असे नाही. चहाच्या कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. एक कप रात्रभर पाण्यात भिजवून चोळून पाहा: लगदा सुटतो, पारदर्शक पापुद्रा हातात राहतो. खताच्या टाकीतही तोच उरतो. असे कप ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. प्लास्टिकचा थर दिलेल्या कप-प्लेटांवर राज्यात २०२२ पासून बंदीही आहे. सोसायटीच्या कार्यक्रमांना यापुढे स्टीलचे पेले वापरावेत.

रद्दी कोरडीच द्या. भिजली की बुरशी धरते आणि रद्दीवाला भाव पाडतो (बरोबरच आहे त्याचे). खोकी उघडून चपटी करा, चिकटपट्टी काढा. स्टेपलच्या पिना राहिल्या तरी चालतील, त्या कागद गिरणीत वेगळ्या होतात.

पिझ्झाचा तेलकट तळ रद्दीत नको. तेलामुळे लगद्यातले तंतू एकमेकांना धरत नाहीत. तळ फाडून खताच्या टाकीत, स्वच्छ झाकण रद्दीत. वापरलेले टिश्यू ओल्या कचऱ्यात, त्यांचे तंतू आधीच आखूड. दुकानांची गुळगुळीत बिले आणि एटीएमच्या पावत्यांवर रसायनाचा लेप असतो. त्या रद्दीतही नकोत, खतातही नकोत, सुक्या कचऱ्यात वेगळ्या ठेवा.

कागदी पिशवी बनवायलाही बरेच पाणी आणि वीज लागते. एकदाच वापरून फेकायची असेल, तर घरातली जुनी कापडी पिशवीच घेऊन निघा.

— व्यवस्थापन समिती