महोदया, माझा १ टक्का मला भरू द्या

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

हे पत्र क्रिप्टोच्या, म्हणजे आभासी चलनाच्या, व्यवहारावर कापल्या जाणाऱ्या १ टक्का टीडीएसबद्दल आहे. मी देवगड तालुक्यातला. घरची हापूसची कलमं आहेत आणि उरलेल्या वेळात घरूनच सॉफ्टवेअरची कामं करतो. वडिलांनी आयुष्यभर वाशीला पेट्या पाठवल्या. पेटी टेम्पोत चढली की माल हातचा गेला. दलाल काय भावानं विकेल, किती डागी धरेल, पट्टी कधी पाठवेल, याची वाट बघत घर बसायचं. आता आम्ही बऱ्याच पेट्या गिऱ्हाइकाला थेट देतो.

क्रिप्टोच्या बाबतीतही मी थेट व्यवहारच करतो. एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, ठेवलेलं चलन प्रत्यक्षात त्यांच्या ताब्यात असतं, आपल्याला फक्त आकडा दिसतो. जुलै २०२४ मध्ये भारतातल्या एका मोठ्या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचं चलन चोरीला गेलं आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. दोन नेटवर्क जोडणाऱ्या अनेक ‘ब्रिज’चंही तेच, कारण तिथंही सगळ्यांचं चलन एकाच जागी साठतं.

याला पर्याय आहे तो ‘अॅटॉमिक स्वॅप’चा, म्हणजे मध्यस्थाशिवाय थेट अदलाबदलीचा. गेल्या जूनमध्ये मी बिटकॉइन देऊन लाइटकॉइन हे दुसरं क्रिप्टो चलन घेतलं, ते असं. माझ्या कॉम्प्युटरनं एक गुप्त आकडा तयार केला आणि त्याचा हॅश, म्हणजे त्या आकड्याचा ठसा, काढला. त्या हॅशचं कुलूप लावून मी बिटकॉइन ४८ तासांसाठी अडकवले. समोरच्यानं तोच हॅश वापरून लाइटकॉइन २४ तासांसाठी अडकवले. मी लाइटकॉइन उचलायला गुप्त आकडा वापरला की तो नेटवर्कवर उघड होतो आणि त्याच आकड्यानं समोरचा माझे बिटकॉइन उचलतो. कुणी माघार घेतली तर मुदत संपल्यावर ज्याचं त्याला परत घेता येतं.

दोन्ही कुलपं लागली आणि आमच्याकडे वीज गेली. सोबत मोबाईलचा टॉवरही गेला. आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचंच. सात तास कंदिलाच्या उजेडात बसलो, पण जीव टांगणीला नव्हता. २४ तास उलटले असते तरी समोरच्यानं त्याचं परत नेलं असतं आणि मी माझं. मात्र समोरच्याच्या जागी असतो तर खरा धोका होता. गुप्त आकडा उघड झाल्यावर तो मुदतीत ऑनलाइन आला नसता, तर दोन्हीकडचं माझ्याकडेच राहिलं असतं. कोकणात बसून हे करणाऱ्यानं एवढं आधी समजून घ्यायलाच हवं.

अडचण पुढे आली, ती कराची. नफ्यावरच्या ३० टक्के कराबद्दल आज बोलत नाही. प्रश्न १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या १ टक्का टीडीएसचा आहे. एक्स्चेंजवर तो तेच कापतात. मध्ये कुणी नसेल, तर २०२२ च्या जूनमधल्या परिपत्रकानुसार चलनाच्या बदल्यात चलन देणारे दोघंही खरेदीदार आणि दोघंही विक्रेते. दोघांनी कर भरून एकमेकांना पुरावा द्यायचा, मग चलन सोडायचं. कर भरण्याच्या फॉर्ममध्ये समोरच्याचा पॅन लागतो. हा टीडीएस समोरचा भारतात रहिवासी असेल तरच लागू. स्वॅपमध्ये समोरचा रत्नागिरीत आहे की रशियात, हे मला कसं कळणार? २४ तासांच्या कुलपात कर भरल्याची पावती कशी बसवणार?

लपवाछपवीची शंका घेतली जाते, ती मी समजू शकतो. पण अशा स्वॅपमध्ये दोन्ही नेटवर्कवर तोच हॅश कायमचा नोंदला जातो. तपास करणाऱ्याला दोन्ही टोकं जुळवायला त्याहून सोपी खूण कुठली?

माझी मागणी अशी : मध्यस्थ नसलेल्या अदलाबदलीत प्रत्येकानं आपल्या वाट्याचा १ टक्का आपल्याच पॅनवर भरावा, दोन्हीकडचे व्यवहार क्रमांक द्यावेत आणि रिटर्नमध्ये ती रक्कम वळती व्हावी. ज्या सॉफ्टवेअरच्या ताब्यात कुणाचं चलन क्षणभरही येत नाही, त्याला एक्स्चेंजच्या पंक्तीत बसवू नये. आणि हा नियम मराठीतही छापावा. आमच्या गावचे हिशेबनीस मलाच विचारायला येतात.

जूनच्या व्यवहाराचा १ टक्का मी वेगळा काढून ठेवला आहे. तो कुठल्या रकान्यात भरायचा, तेवढं सांगा.

आपला,
देवगडचा एक बागायतदार