अपडेटनंतर लिनक्स सुरू होत नाही, म्हणून डिस्क पुसू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही प्रणाली ठेवणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. एखादे अपडेट झाल्यावर प्रणाली निवडण्याचा पडदाच दिसेनासा होतो किंवा काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढीच अक्षरे उरतात, आणि दुरुस्तीला नेल्यावर ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले जाते. बहुतेक वेळा हा सल्ला अनावश्यक असतो. वर्षभराच्या प्रकल्पाचे काम ज्या डिस्कवर शाबूत आहे, ती डिस्क त्यापायी पुसली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

बूट लोडर हा लिनक्सचा गाभा मेमरीत आणून पुढची सूत्रे त्याच्या हाती देणारा छोटा प्रोग्राम आहे; ‘ग्रब’ हा असाच एक बूट लोडर. यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकात त्याच्या फाइल्स डिस्कच्या एका छोट्या, स्वतंत्र भागात म्हणजे ‘ईएफआय’ पार्टिशनमध्ये असतात आणि कोणता बूट लोडर आधी चालवायचा, याची नोंद मदरबोर्डवर असते. अपडेटमुळे बिघडते ते सहसा यांपैकी काहीतरी; आपल्या फाइल्स दुसऱ्या पार्टिशनमध्ये सुखरूप असतात. म्हणून आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूटचा क्रम पाहावा, कारण कित्येकदा लिनक्सची नोंद तिथेच, फक्त विंडोजच्या खाली गेलेली असते. नोंदच नसेल, तर उबुंटूसारख्या प्रणालीत पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न बसवता थेट चालणारे लिनक्स) सुरू करावे, मूळ लिनक्सचे व ईएफआयचे पार्टिशन माउंट करावे, म्हणजे त्याला जोडून घ्यावे, ‘सीएचरूट’ या कमांडने त्या प्रणालीत शिरावे आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ व ‘अपडेट-ग्रब’ या कमांड द्याव्यात. माहितगाराला हे काम फार जड नाही.

मात्र पडद्यावरचा संदेश वाचल्याशिवाय हाही उपाय करू नये. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर जगभरातील अनेक संगणकांवर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन लिनक्स अडले. ग्रबमधील एका जुन्या सुरक्षा त्रुटीमुळे त्याच्या जुन्या आवृत्त्या नाकारण्याची तजवीज त्या अपडेटमध्ये होती. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ती लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. तरी काही ठिकाणी ती लागू झालीच. अशा वेळी बूट लोडर हरवलेला नसतो, जुना म्हणून नाकारलेला असतो, आणि तोच जुना पुन्हा बसवून काहीही साधत नाही. सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त बूट लोडर चालू देणारी सोय) तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करावे, ग्रब व त्याच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम शिम यांच्या नव्या आवृत्त्या घ्याव्यात आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. विंडोजची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलूप-सोयीने बंदिस्त असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी हवी, नाहीतर लिनक्स सुटेल आणि विंडोज अडेल.

दुरुस्ती व्यावसायिकांना माझी विनंती आहे की, ग्राहकाची लेखी संमती घेतल्याशिवाय आणि लाइव्ह लिनक्समधून फाइल्स बाहेर काढून दिल्याशिवाय त्यांनी फॉरमॅट करू नये. आडगाव, पंचवटी, गंगापूर रोड परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर बूट लोडर मुद्दाम बिघडवून तो पुन्हा बसवण्याचे प्रात्यक्षिक पहिल्याच वर्षी घ्यावे. त्यासाठी एक पेनड्राइव्ह आणि एक तास पुरेसा आहे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक