तीन हात नाक्यावर उतरून ठाणे स्टेशनला जायचं कसं?

मा. संपादक,

मेट्रो-4 बद्दल लिहितोय. सप्टेंबर 2025 मध्ये घोडबंदर रोडवर ट्रायल रन झाली तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना खरंच आनंद झाला, इतकी वर्षं बॅरिकेड, ट्रॅफिक आणि धूळ सहन केल्यावर का नाही होणार. पण नकाशा नीट बघितला की काळजी वाटते. वडाळा ते कासारवडवली ही साधारण 32 किमीची लाइन ठाणे रेल्वे स्टेशनला शिवतच नाही. त्यातल्या त्यात जवळ पडतं ते तीन हात नाका, आणि तिथून स्टेशन दीडेक किमी.

दीड किमी चालायला काय होतंय असं कोणी म्हणेल, तर त्यांनी ऑफिसच्या वेळेला गोखले रोडवरून एकदा चालून बघावं, तेही पावसात, हातात डबा आणि बॅग घेऊन.

मुंबईत हे आधी घडून गेलंय हो. 2014 च्या फेब्रुवारीत वडाळा-चेंबूर मोनोरेल आली आणि जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो-1. मेट्रो-1 जेमतेम साडेअकरा किमीची, पण अंधेरीला वेस्टर्न आणि घाटकोपरला सेंट्रल, दोन्ही लोकलना जोडलेली, म्हणून ती पहिल्यापासून भरून चालतेय, इतकी की चार डबे पुरत नाहीत. मोनोरेल 2019 मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढवली तरी डबे रिकामेच राहिले, कारण गाड्या कमी होत्या आणि लोकल बदलायची सोय धड नव्हती. लोकलशी जोड नसेल तर माणूस चढत नाही, मग गाडी कितीही चकाचक असू दे.

यावर उत्तर मिळतं की ठाण्यातल्या ठाण्यात गोल फिरणारी रिंग मेट्रो येतेय. केंद्रानं ती ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर केली, 29 किमी, 22 स्टेशनं, 12,200 कोटी, आणि ती ठाणे स्टेशनला जोडणार आहे हे चांगलंच आहे. पण मुदत 2029 ची. मधे एलआरटीची, म्हणजे मेट्रोपेक्षा हलक्या रेल्वेची, चर्चा झाली, परत मेट्रोवर आलो, त्यात गेलेली वर्षं कोण भरून देणार? तोपर्यंत घोडबंदरच्या लोकांनी काय करायचं?

आमचं मागणं फार मोठं नाहीये. तीन हात नाका ते सॅटिस (ठाणे स्टेशनबाहेरचा बसचा पूल) अशी टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, छोटी बस, दर पाच मिनिटांनी, पहिल्या मेट्रोपासून शेवटच्या मेट्रोपर्यंत, तिकीट मेट्रोतच काढता आलं तर उत्तम. गोखले रोडचा निदान एका बाजूचा फुटपाथ पूर्ण मोकळा. मेट्रो स्टेशनखाली शेअर रिक्षाचा स्टँड, नाहीतर नाक्यावर रिक्षा वाटेल तशा उभ्या राहतील आणि सिग्नलचं काय होईल ते ठाणेकरांना सांगायला नको. यासाठी मेट्रो बांधणारी एमएमआरडीए आणि महापालिकेनं एकत्र बसावं एवढंच. आणि हे मेट्रो सुरू होईल त्या दिवशी तयार पाहिजे, सहा महिन्यांनी नको, कारण पहिल्या आठवड्यात हाल झालेला माणूस परत बाइक काढतो आणि मग तो काही लवकर मेट्रोकडे वळत नाही.

एक वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे