बाबांच्या दाढीचं पाणी

ग्लासगो

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, हल्लीच्या साबणांत दम नाही, फेस म्हणून होत नाही. मागून आईचा आवाज आला, साबणात नाही, हातात दम नाही. मला दोन्ही पटलं नाही. बाबा, सदाशिव पेठेत तुम्ही हीच गोदरेजची गोल वडी वापरायचात आणि फेस कानाच्या पाळीपर्यंत जायचा. तिथे नळाला खडकवासल्याचं पाणी होतं. वाघोलीला आल्यापासून बोअर आणि टँकर. वडी तीच, पाणी बदललं.

बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं; त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि त्याचा न विरघळणारा साका होतो. बादलीच्या काठाला बसणारा चिकट पांढरा थर तोच. निम्मा साबण तिथेच खर्ची पडल्यावर फेस कशाचा होणार? इथे उलट आहे. ग्लासगोला 1859 पासून डोंगरातल्या लॉक कॅट्रिन नावाच्या तलावाचं पाणी येतं. ते इतकं हलकं आहे की साधा साबणही भरमसाट फेसाळतो.

तेव्हा आई, बाबांना रोज आरओचं अर्धी वाटी पाणी दे, जरा कोमट करून. ब्रश भिजवायला आणि फेस करायला तेवढं पुरतं, तोंड धुवायला बोअरचं चालेल. आणि बाबा, तुमची काटकसर माहीत आहे म्हणून आधीच सांगतो: आरओच्या नळीतून बाहेर पडणारं जे पाणी आई फरशीसाठी साठवते, ते घेऊ नका. गाळलेले सगळे क्षार त्यातच जातात, ते बोअरपेक्षाही जड असतं.

इथला एक मित्र सुट्टीला पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर थोडं सामान पाठवतोय. एक कडक वडी, एक शेव्हिंग स्टिक आणि प्रोरासोची पांढरी ट्यूब. ही इटलीची कंपनी, पांढऱ्या ट्यूबमध्ये ग्रीन टी आणि ओट असतं, नाजूक कातडीसाठी. वेष्टनावर 'टॅलोएट' लिहिलं असेल तर त्यात जनावराची चरबी असते. आईसाठी ते बघूनच घेतलंय.

अंगाचा साबण बहुतेक सोडियमचा असतो. दाढीच्या साबणात पोटॅशियमही घालतात, ते लवकर विरघळतं. शिवाय स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. पोटॅशियम जास्त तितका साबण मऊ, म्हणून क्रीम ट्यूबमधून निघतं आणि वडी वर्षभर पुरते. पण मला विचाराल तर तुम्ही स्टिकनेच सुरुवात करा. हात थरथरतो तेव्हा एका हातात वाटी, दुसऱ्यात ब्रश ही कसरत कशाला? गाल ओले करून स्टिक केसांच्या उलट्या दिशेने घासायची आणि ओला ब्रश गालावरच फिरवायचा. क्रीम घेतलंत तर बदामाएवढंच. तुम्ही टूथपेस्टसारखी लांब रेघ काढता, ती नको.

कडक वडी लगेच फेस देणार नाही. आंघोळीच्या आधी तिच्यावर चमचाभर पाणी घालून ठेवा, मग ते ओतून ब्रश अर्धा मिनिट तरी फिरवा. झाल्यावर डबी उघडी ठेवायची. ओल्या वडीवर झाकण लावलं की साबण लिबलिबीत होतो आणि पावसाळ्यात वास धरतो.

तुमचा जुना ब्रश डुकराच्या केसांचा आहे (आई, हे वाचून तो फेकू नकोस). त्याच्या मुळाशी बोअरचा साका बसला असणार. पाण्यात थोडं लिंबूसत्व घालून त्यात पाच मिनिटं बुडवा आणि चांगला धुवा. उकळतं पाणी नको, केस गळतात. नवा ब्रश कृत्रिम धाग्यांचा पाठवतोय. तो भिजवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. दोन्ही ब्रश बाथरूममध्ये नको, गॅलरीत ठेवा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तेव्हा उलटा हात फिरवून गुळगुळीत करायचा हट्ट सोडा. एकदा सरळ हात पुरे. कापलंच तर तुरटी लावा, आणि थांबलं नाही तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. तरीही वाहत राहिलं तर डॉक्टरांना फोन करा.

आई, एक तुझ्यासाठी. मागच्या वेळची अत्तराची बाटली अजून कपाटात खोक्यात आहे, हे मला ताईने सांगितलंय. साबण तसा जपायचा नाही. वर्षानुवर्षं पडून राहिला की सुकून तडकतो आणि वास उडतो. त्यातली वडी मामाला द्यायची असेल तर खुशाल दे, कोल्हापूरला त्याच्याकडे नदीचं पाणी येतं, त्याला ती चांगली चालेल. स्टिक मात्र बाबांचीच.

तुमचा,
धाकटा